बाबांची घुमटी

आमच्या म्हापशाच्या इमारतीत जिन्याच्या वळणावर गणपती आहे. तिथल्या उदबत्तीच्या वासाने मला पेडण्याची चढण आठवते. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी डॉक्टरांनी बाबांना हृदयासाठी मीठ कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं. चढणीच्या मध्यावर देवाची छोटी घुमटी होती. तिथे ते दिवसेंदिवस जास्त वेळ हात जोडून उभे दिसू लागले. "आता तरी देव आठवलो," म्हणत आई सुखावली. एका थंडीच्या सकाळी मी सोबत गेले. हात जोडलेले नव्हतेच. एका हाताने त्यांनी खांब घट्ट धरला होता आणि मानेवरून घाम ओघळत होता. "बाय, तू फुडे हो," ते म्हणाले, "माजा मागणा झाला नाय अजून." पुढच्या फाल्गुनातला शिगमो त्यांनी पाहिला नाही. परवा सून कौतुकाने म्हणाली, "आई, हल्ली जिन्यातल्या गणपतीपाशी बराच वेळ थांबता तुम्ही."