सुखदेवचा उजवा हात

बातमी आली तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर शब्दांच्या जाती लिहीत होतो. दारात सुखदेवचे मेहुणे नारायणराव उभे होते, चपला व्हरांड्यात काढून, आत येऊ की नको अशा चेहऱ्याने. "मास्तर, भाऊजी गेले," एवढंच म्हणाले. कावीळ होऊन तीन आठवडे सुखदेव बालाघाटच्या दवाखान्यात पडून होता. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्याजवळ बसून आलो होतो. त्याने माझ्याकडून मोसंबी सोलून घेतली, दोन फोडी खाल्ल्या आणि उरलेली मलाच खायला लावली. मोसंबी त्याला स्वतःला सोलता येत नसे. उजव्या हाताची दोन बोटं बारा वर्षांपासून वाकत नव्हती... ती कशामुळे वाकत नव्हती, हे मी इतक्या वर्षांत कुणालाही सांगितलं नाही. त्याला जाऊन आता दीड महिना झाला. ते सांगितल्याशिवाय त्याच्याविषयी दुसरं काही लिहिणं मला खरं वाटत नाही.

सुखदेव राजेगावचा. घरी धानाची शेती, तीन भाऊ, आणि शेत तिघांनाही पुरेल एवढं नव्हतं. छप्पन साली नवं राज्य झालं, त्या वर्षी मी बालाघाटच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो, तो एका ठेकेदाराकडे बिजलीच्या कामावर होता, आणि आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. तेव्हा गावात निम्म्या घरांत कंदीलच होते. ज्या घरी तो तारा टाकायला जाई तिथे बायामाणसं दिवा लागायच्या आधीच हात जोडून उभी राहात, आणि हा आपला शिडीवर चढून लाकडी पट्टीत एकेक खिळा मोजून मारल्यासारखा मारत बसे. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. तारेवरचं रबर काढतानासुद्धा तो पेन्सिल सोलावी तसं तिरपं पातं धरी. एकदा मी विचारलं, काहून एवढा वेळ लावतोस? तर म्हणाला, "तांब्याले ओरखडा पडला का तार तिथंच तपते, मास्तर. आज नाई, चार वर्सानं. तवा त्या घरात मी नसन." पुढे दोघांची लग्नं झाली, बिऱ्हाडं वेगळी झाली, पण रविवारचा चहा मी त्याच्याकडेच घेत राहिलो.

बासष्ट साली त्याला वायरमनचा परवाना मिळाला. मला त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. तोवर तो ठेकेदाराचीच हत्यारं वापरत होता, स्वतःचा म्हणून एक चाकूही त्याच्याजवळ नव्हता. मी ठरवलं, घडीचा चांगला चाकू त्याला भेट द्यायचा. त्याला सोबत घेऊन अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेने गोंदियाला गेलो. बाजारात लोखंडी सामानाच्या एका दुकानात मालकाने सात-आठ चाकू कापडावर मांडले. सुखदेव खाली बसला आणि एकेक उचलून पाहू लागला. मूठ लाकडाची आहे का, तिच्यातले खिळे हाताला लागतात का, पातं सरळ आहे का. मग प्रत्येक चाकू उघडून त्याच्या पात्याची पाठ फळीवर टेकवून दाबे. मी म्हटलं, हे काय करून राह्यला? "मिटते का पाहून राह्यलो," तो म्हणाला. "रबर कापताना उलटा जोर बसला अन् पातं मिटलं, तर ते बोटांवरच मिटते." त्याने जो बाजूला ठेवला तो काळपट लाकडी मुठीचा होता. पातं उघडलं की खटका बसायचा, आणि तो खटका दाबल्याशिवाय ते मिटत नसे.

मला तो आवडला नाही. खाटकाच्या पेटीतला असावा तसा तो दिसत होता. माझ्या मनात भरला होता दुसराच, शिंपल्यासारख्या चमकदार पांढऱ्या मुठीचा, दोन पात्यांचा. दुकानदार म्हणाला, यावर नाव पण कोरून देतो. सुखदेवने त्याचंही पातं फळीवर दाबलं. ते हळूच मिटलं. "हे मिटते, मास्तर." मी हसलो. "तू सांभाळून काम करनारा मानूस, तुले काय होते? भेट देऊन राह्यलो, काहीतरी दिसनारं तर घे." त्याने एकदा त्या काळ्या चाकूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "हौ. तुमच्या हातचा आहे, हाच घेतो." मुठीवर त्याचं नाव कोरून घेतलं. परतीच्या गाडीत तो चाकू मीच चार वेळा काढून पाहिला. त्याने एकदाही पाहिला नाही... हे मला फार नंतर आठवलं.

दीड वर्षाने कटंगीला एका धानगिरणीत मोटर बसवायचं काम होतं. जाड केबल गुडघ्यावर दाबून धरून तो तिचं आवरण काढत असताना पातं मिटलं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या आतल्या शिरा तुटल्या. मला कळलं तेव्हा तो बालाघाटच्या दवाखान्यात होता, हाताला कोपरापर्यंत पट्टी, आणि खाटेशी त्याची बायको कौसावहिनी. कुणीतरी विचारलं, कशानं झालं? सुखदेव माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पत्र्यानं कापलं." पुढे जो जो भेटायला आला त्याला त्याने पत्रा हेच सांगितलं. मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मी बोललो नाही. त्या दिवशी बोललो असतो तर सोपं होतं. पुढच्या रविवारी ते थोडं अवघड झालं, वर्षाने आणखी अवघड, आणि मग ते आमच्या दोघांमध्ये चहाच्या कपांसारखंच नेहमीचं होऊन बसलं. त्या चाकूचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

जखमा भरून आल्या, पण बोटं ताठ राहिली. पक्कड धरता येईना, खांबावर चढणं संपलं. परवाना पेटीत पडून राहिला. परसवाड्याकडे गावोगाव बिजली पोचायला लागली होती, त्याच्याहून लहान माणसं ठेके घेत होती, आणि हा घराच्या पुढच्या खोलीत इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करत बसे. डाव्या हाताला जमेल ते तो करी, उरलेलं वहिनी करत. स्क्रू पिळायचा पेचकस त्या फिरवत, तार त्या पिळत. मोहल्ल्यातल्या बाया आधी हसल्या, मग आपल्याच इस्त्र्या घेऊन आल्या. सुखदेव फार बोलत नसे. कधीकधी खिडकीतून समोरच्या खांबावर चढलेल्या माणसाकडे बराच वेळ पाहात बसायचा. ते पाहणं मला सहन होत नसे, पण मी उठूनही जात नसे.

तेरवी झाल्यानंतरच्या रविवारी मी गेलो. कौसावहिनी पुढच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या, समोर कुणाची तरी उघडलेली इस्त्री. मी उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. "वहिनी, त्याचा हात पत्र्याने कापला नव्हता. तो चाकू होता, आणि तो मी निवडलेला होता. त्याने मला दुकानात सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला नाही. "मले मालूम आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी त्यायनं सांगतलं. म्हने, मास्तरले कळू देऊ नको का तुले मालूम आहे म्हून. तो लाजन, अन् येनं बंद करन."

म्हणजे बारा वर्षं त्या सगळं जाणून मला कप देत होत्या.

"राग नाई आला असं नाई," त्या म्हणाल्या. "लई आला. पहिले दोन-तीन वर्सं तुमाले चहा देताना मी तुमच्याकडं पाह्यत नोती. त्यायच्याशी भांडन पन झालं. म्हटलं, तुमचा हात गेला अन् तुमाले त्याच्या लाजेची पडली आहे." त्यांनी पेचकसाने इस्त्रीतला एक स्क्रू सैल केला. "ते म्हनत, हात तर गेलाच, आता मानूस काहून घालवू?"

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. वहिनींनी इस्त्रीतून तारेची दोन टोकं वर काढली, एक स्वतः धरलं, पेचकसामुळे दुसरं धरायला हात उरेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो आणि ते टोक धरलं. ते माझ्या बोटांतून निसटलं.

"घट्ट धरा," त्या म्हणाल्या.