खेचरवाल्याची बायको थोमाइस

कॉन्स्टँटिनोपलच्या धक्क्यामागे आमच्या गल्लीत थोमाइस मेणबत्त्या करायची. नवरा सिसिनिओस खेचरवाला. सम्राटाची फौज तुर्कांवर पूर्वेला निघाली, तेव्हा तोही सामान वाहायला गेला. घरात थोमाइस आणि तिची सासू उरल्या. दोघींचं कधी पटलं नाही, पण भांडायला तरी माणूस होतं.

पराभवाची बातमी आम्हाला राजवाड्याने सांगितली नाही. ती पलीकडच्या किनाऱ्यावरून नावेने आली. मी धक्क्यावर पाव विकत होते. हाताला मळकं फडकं गुंडाळलेल्या एका शिपायाने पाव घेतला, एक घास खाल्ला आणि ढसाढसा रडायला लागला.

"सगळं संपलं. सम्राट गेले!"

मागच्या नावेतला म्हणाला, "गेले कुठले? जिवंत धरले त्यांना."

"तू पाहिलंस?"

"तू तरी पाहिलंस का?"

दोघे हमरीतुमरीवर आले. तेवढ्यात थोमाइस मेणाने माखलेल्या हातांनीच धावत आली.

"दादा, खेचरवाल्यांचं काय झालं हो?"

"बाई, इथे सम्राटाचा पत्ता नाही आणि तुम्ही खेचरवाल्यांचं विचारता!"

"सम्राटाची चौकशी करायला अख्खं शहर आहे. माझ्या माणसाची मीच करायची ना?"

शिपायाने मान खाली घातली. "तळ लुटला, ताई. त्यापुढे मी मागे वळून पाहिलं नाही."

मग ती रोजच धक्क्यावर यायची. "बुटका आहे, डाव्या कानाचा तुकडा खेचराने तोडलाय," असं उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. एकाने असा माणूस दोरीला बांधून नेताना पाहिला होता. दुसऱ्याने ओढ्याकाठी मेलेला पाहिला. कान दोघांनाही आठवत होता.

शहरात नव्या सम्राटाच्या नावाने जयजयकार झाला आणि लढाईचं बोलणं मागे पडलं.

थंडीत सासू म्हणाली, "गहू शिजव. त्याच्या नावाने देवळात नेऊ."

"जिवंत माणसाचे दिवस घालू?"

"आणि मेला असेल तर? माझं लेकरू प्रार्थनेवाचून पडलंय तिकडे!"

दोघी पाद्रीबाबांकडे गेल्या. ते म्हणाले, "मला काय विचारता? मलाही कळत नाही."

शेवटी म्हातारीने स्वतःच गहू शिजवले, मनुका घातल्या आणि काठी टेकत देवळात नेले. थोमाइस दारात उभी राहून ओरडली, "मी एक दाणा खाणार नाही!" मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुढल्या हिवाळ्यात सासू वारली. थोमाइसला माहेरच्यांनी दुसरं लग्न कर म्हणून सांगून पाहिलं. ती म्हणायची, "बायको म्हणून करू की विधवा म्हणून? आधी ते तरी सांगा." काही वर्षांनी पलीकडच्या किनाऱ्यावरच तुर्क येऊन बसले. नावा थांबल्या. त्यानंतर विचारायलाही कुणी उरलं नाही.