पाय जवळ की पाय लांब

काटेवालीचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे. धंदाच तसा. बाजारातले, दवाखान्यातले, वखारींतले वजनाचे काटे तपासायचे आणि बिघडले असतील तर दुरुस्त करायचे, हे नवऱ्याचं काम त्याच्यामागे तिने चालू ठेवलं होतं. जो काटा दिसायला साधाभोळा तोच आतून चोर निघतो, हा तिचा रोजचा अनुभव. माणसंही तशीच, फक्त त्यांचं झाकण उघडून आत बघता येत नाही, एवढीच तिची तक्रार.

एकदा वखारीत काटे तपासायच्या प्रमाणवजनांची पेटी उचलताना तिची कंबर धरली. ती तिथेच आडवी झाली आणि पत्र्याच्या छताकडे बघत राहिली. उठवायला कोण यावं, तर धाकटा दीर. हा इतक्या लवकर कसा पोचला, हा विचार तिच्या मनात कळ जिरायच्या आधी आला.

"वहिनी, हे झेपणारं काम नाही आता. दुकान मी बघतो, तुम्ही आराम करा."

"आराम मेल्यावर भरपूर आहे, भावोजी."

दुकान होतं सासूच्या नावावर. दोघांची रोजची धुसफूस ऐकून म्हातारीने एक दिवस पैज ठरवून टाकली. महिनाअखेरीस सगळ्यांसमोर काटेवालीने भरलेली पेटी जमिनीवरून एकटीने उचलून हातगाडीवर ठेवायची. ठेवली तर दुकान तिचं. नाही ठेवली तर धाकट्याचं, आणि मग कुणी चकार शब्द काढायचा नाही.

म्हणून पन्नाशी ओलांडलेली ही बाई जिममध्ये गेली. जवळपास जिम एकच, आणि तिचा कोच निघाला दिराचा शाळासोबती! दोघं एका बाकावर बसलेले. झालं, तिला वाटलं, आपण आपल्या पायाने शत्रूच्या गोटात आलो.

जमिनीवरून वजन उचलायचं म्हणजे डेडलिफ्ट. तिने तो पहिल्या दिवसापासून नेहमीच्या पद्धतीने केला: पाय जवळजवळ, हात गुडघ्यांच्या बाहेर. वखारीत पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत ती जन्मभर अशीच वाकली होती. पण वजनांचा दांडा गुडघ्यापाशी आला की पाठीची कमान व्हायची आणि कंबर कुरकुरायची. कोच दोनचार दिवस नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, सुमो करून बघा. पाय एकमेकांपासून लांब ठेवायचे, चवडे बाहेर वळवायचे, हात मांड्यांच्या आत. पाठ ताठ राहील, कंबरेवरचा भार कमी होईल."

तिने एकदा करून बघितलं. सुरुवातीला दांडा जमिनीला चिकटल्यासारखा वाटला, पण सुटला तो थेट वर आला. कंबर गप्प.

दुसरी एखादी बाई खूश झाली असती. हिने दांडा खाली ठेवला आणि त्याच्या टोकांच्या लोखंडी चकत्या उलटसुलट करून बघायला लागली.

"काय शोधताय?"

"वजन बदललंत का?"

"कधी बदलणार? तुमच्या डोळ्यांसमोर तर आहे!"

"डोळ्यांसमोर आहे तेच तर तपासायचं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातला काटा आणून एकेक चकती तोलली. वजनं चोख निघाली. तरी तिचा संशय मिटला नाही, नुसता जागा बदलून बसला. चकती खोटी नाही, म्हणजे सल्ला खोटा. आज बरं वाटायला लावायचं आणि महिनाअखेरीस जांघ धरली की दुकान मित्राच्या घशात, असाच डाव असणार.

घरी सासूला तिने पाय लांब करून दाखवले. म्हातारी बघतच राहिली. "अगं, हे काय? बेडूक झालीस की काय? चारचौघांत अशी उभी राहणार?"

तेवढ्यात दीर आला. "सुमो शिकवतोय का तो? छान! तेच करा, वहिनी."

संपलं. दीर 'तेच करा' म्हणतो, म्हणजे ते करायचं नाही. तिने आठवडाभर पुन्हा पाय जवळ घेऊन उचललं, आणि आठवड्याच्या शेवटी मोजे घालायलाही वाकता येईना. मग मात्र तिचंच तिला हसू आलं. दिराने 'श्वास घ्या' म्हटलं असतं, तर काय नाक दाबून बसले असते?

कोचचं ऐकायचं नाही, दिराचं नाही, आणि आता स्वतःच्या हट्टाचंही नाही. मग ऐकायचं कुणाचं? काट्याचं.

दवाखान्यातून दुरुस्तीला आलेले माणसं तोलायचे दोन काटे दुकानात पडले होते, एकाच बनावटीचे. ते घेऊन ती जिममध्ये आली. एका काट्यावर डावा पाय, दुसऱ्यावर उजवा. पाय जमिनीपासून वर गेले म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या सारल्या. कोच म्हणाला, "आकडे मी वाचतो." ती म्हणाली, "नको," आणि समोर फोन उभा करून चित्रण लावलं.

पाय जवळ ठेवून उचललं. मग चित्रण बघितलं. दांडा गुडघ्यापाशी येताच डाव्या काट्याचा आकडा घसरत होता आणि उजव्याचा चढत होता. काटेच चुकत असतील म्हणून तिने त्यांची अदलाबदल केली. तरी डावा पाय हलका तो हलकाच. म्हणजे काटे निर्दोष, आणि चोरी तिच्या अंगात! वर्षानुवर्षं उजव्या हातात वजनं धरून बाजार पालथा घातला होता. ओझं उजवीकडे ढकलायची सवय हाडांत मुरली होती.

मग काटे लांब सरकवले आणि पाय फाकून उचललं. आकडे अगदी जुळले नाहीत, पण दोन शेजाऱ्यांसारखे जवळपास राहिले.

"डावी टाच सुटते तुमची," कोच म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

तिने समोरचा फोन उचलला. काटे गुंडाळले आणि तिथून पुढे रोज सुमोच केलं. विश्वास बसला म्हणून नव्हे. चित्रण होतं म्हणून.

ठरलेल्या सकाळी दुकानात सासू खुर्चीवर बसली, दीर दारात, आणि कोच पंच म्हणून मध्ये. पेटी उभट आणि अरुंद, वर पकडायला आडवा दांडा. शेजारी बुटकी हातगाडी. पेटीला हात लावण्याआधी काटेवाली दिराला म्हणाली, "भावोजी, तुम्ही आणि कोच मिळून ही त्या काट्यावर ठेवा."

"आता हेही तपासायचं? मी काय त्यात दगड भरलेत?"

"बघू या ना."

तोलली. पेटी भरायला हवी तेवढी भरली नाही. चक्क हलकी! तिने झाकण उघडलं, तर एका वजनाची जागा रिकामी. तिने दिराकडे बघितलं. दिराने कोचकडे. कोचने हात वर केले. दिराचं तोंड आश्चर्याने खरोखर उघडं राहिलं होतं, आणि असलं तोंड खोटं नसतं एवढं तिला कळत होतं.

"मी काढलंय," खुर्चीतून आवाज आला. म्हातारीने शालीखालून लोखंडी वजन काढून मांडीवर ठेवलं.

"आई!" दीर ओरडला.

"ओरडू नकोस. तुझ्या हातात दुकान दिलं तर वर्ष संपायच्या आत तिथे मोबाइलची कव्हरं लटकतील. मला माहीत नाहीस का तू?"

"मग पैज लावलीसच कशाला?"

"तू गप्प बसावंस म्हणून."

काटेवालीने सासूच्या मांडीवरचं वजन उचललं. राग आला होता तो दिराचा नव्हता. महिनाभर ती ज्याच्यावर डोळा ठेवून होती तो निर्दोष निघाला, आणि जिच्यावर कधी नजरही टाकली नाही तिने पेटीत हात घातला.

"सासूबाई, हलकी पेटी उचलून मी उद्या वखारीत काय करू? तिथे कोण वजन काढून ठेवणार आहे?"

तिने वजन जागेवर बसवलं आणि झाकण लावलं. पेटी पुन्हा तोलायला लावली. बरोबर भरली. ती खाली उतरवून घेतली. मग पेटी मध्ये घेऊन दोन्ही बाजूंना पाय लांब रोवले, चवडे बाहेर. सासूने तोंड फिरवलं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली. पेटी आधी हललीच नाही. दाराकडून दिराचा श्वास ऐकू आला. डावी टाच दाब, डावी टाच दाब, असं ती दात आवळून पुटपुटत होती. मग पेटी सुटली. ती ताठ उभी राहिली, पाय जवळ घेतले, एक पाऊल टाकलं आणि पेटी गाडीवर ठेवली. गाडीची चाकं करकरली.

"झालं," कोच म्हणाला.

"झालं काय?" दीर पुढे आला. "असे पाय फाकून चालतं का? पेटी मध्येच कशावर तरी टेकवली असेल वहिनींनी!"

आणि भावोजी गुडघ्यांवर बसून गाडीखाली डोकं घालून बघू लागले.