सरूच्या वाटच्या गोळ्या

आक्का गेल्याचा निरोप भूमच्या एसटीनं आला. कंडक्टर ओळखीचा होता. तिकिटांची पेटी बगलेत धरून तो माझ्या सोलापूरच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली... तेव्हाच कळलं. याला आता दीड महिना झाला. शेवटचे दिवस काढायला आक्का भूमजवळच्या आमच्या गावी परतली होती.

माझ्या या थोरल्या बहिणीचे सांधे दुष्काळी कामावर खडी फोडताना सुजले. कामानंच सुजले, असं सगळे म्हणाले. पुढं तोंडही सुजलं, तेव्हा मी तिला सोलापूरला आणलं. दुखणं मूत्रपिंडापर्यंत पोचलं होतं. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटली आहे, असं सांगून डॉक्टरांनी ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. आक्का उठली. गावात दूध संस्था निघाली, तेव्हा किटली घेऊन सगळ्यांच्या आधी हजर! मापाबाहेर थेंबभर सांडलं तरी संस्थेच्या माणसाला सोडायची नाही. मी सोलापूरहून एसटीनं धाडायचो, त्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या.

आमच्याकडं एकाला गुण आला की औषध विरजणासारखं शेजारी वाटतात. शेजारची सरू गुडघे धरून बसायची. आक्का तिला आपल्यातल्या गोळ्या देत राहिली, आणि आम्हाला पत्ताच नाही.

मग आक्काचा ताप हटेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तिला पुन्हा सोलापूरला आणलं, तर रक्ताचा कर्करोग निघाला. इतकी वर्षं घेतलेल्या गोळ्यांमुळंही तो होऊ शकतो, असं डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले. माझं डोकं फिरलं. आक्का मलाच समजावू लागली, "आरं, त्या गोळ्यांनीच तर इतकी वर्सं चालवलं मला..." बोलता बोलता थांबली आणि तिनं माझा हात घट्ट धरला. "सरूला म्या त्याच दिल्या रं! जा, घेऊन ये तिला. तिचं रगत तपासा."

मी तसाच गावी गेलो आणि सरूला घेऊन आलो. खाटेजवळ बसून तिनं पदराआडून एक डबा काढला. गोळ्यांनी गच्च भरलेला.

"एक बी खाल्ली न्हाय, आक्का. तुमच्या हातचं न्हाय कसं म्हणावं? पर एसटी बंद पडली, तर तुमाला कमी पडू नयेत म्हून ठिवल्या."

आक्का खुदकन हसली. "येडे, मग इतकी वर्सं दुखणं तसंच सोसलंस व्हय गं?"

आणि सरूच्या गुडघ्यावर हात ठेवून ती रडायला लागली. स्वतःच्या दुखण्यापायी तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिला आवरेना... शेवटी सरूनंच तिचे डोळे पुसले.