गुळाच्या डब्यावरचा हात

मी वर्ध्याच्या कचेरीच्या आवारात अर्जनवीस आहे. शिक्षण सातवीपर्यंत झाले; तथापि माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची पाळी आजवर कोणा वकिलावर आलेली नाही. ज्याला सही येत नाही, त्याचे मनगट धरून त्याचा अंगठा मी स्वतः शाईवर आणि मग कागदावर टेकवतो.

आणीबाणी उठली त्या सुमारास माझी मुलगी सहा वर्षांची होती. ती बोलत नसे, कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. माझ्या टेबलाशेजारी डोलत बसे. अंगठ्याचे काम मात्र तिने हेरले असावे. नालवाडीच्या घरी गूळ हवा असला, की ती माझे मनगट धरून हात डब्यावर टेकवी.

नागपूरच्या डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. मुलीला तेथील वसतिगृहाच्या शाळेत ठेवावे, अथवा तोच अभ्यास घरी करावा: तोंडातून आवाज निघेपर्यंत हवी ती वस्तू देऊ नये. घरचा मार्ग मला पटला. रीतसर मागणीवाचून सरकारही काही देत नाही.

"तुमच्या कचेरीत नसन देत," पत्नी म्हणाली. "माह्या चुलीपाशी लेकराले अर्ज कराव लागत नाई. हात धरते ना थे तुमचा? अजून काय बोलाव तिनं?"

"मग वसतिगृह?"

"तिले गर्दी खपत नाई. तिथं काऊन राह्यन थे?"

कोणताच मार्ग न ठरता वर्ष गेले. मग एकदा आम्ही तिघे पवनारच्या बसथांब्यावर असता मुलीला तहान लागली. शेजारच्या गृहस्थांजवळ पाण्याचा तांब्या होता. तिने त्यांचे मनगट धरले.

"घडी काढते काय वं?" म्हणत त्यांनी मनगटावरचे घड्याळ सावरून तिला झिडकारले. ती स्वतःचाच हात चावत खाली बसली.

बसमध्ये पत्नीने मुलीचा चावलेला हात पदराने पुसला. मग म्हणाली, "आपण दोघं नसलो, तं तिनं कोनाचं मनगट धराव? नागपूरले घेऊन चला तिले."

नागपूरच्या शाळेतून मुलगी तिसऱ्या दिवाळीला घरी आली, तेव्हा डब्यापुढे उभी राहून ती म्हणाली, "गूळ." पत्नीने शेजारणीला बोलावून पुन्हा म्हणवून घेतले.

"बापाच्या वरची अर्जनवीस निंगाली," शेजारीण म्हणाली.

मला आनंद झाला, हे येथे स्पष्ट नमूद करतो. तरी दर दिवाळीला मी सदऱ्याची बाही वर दुमडून डब्याशेजारी पाटावर बसतो. भिंतीकडे पाहत ती म्हणते, "गूळ." मी देतो. ती निघून जाते.

यंदा पत्नीने माझ्या उघड्या मनगटाकडे पाहिले.

"बाही खाली करा जी," ती म्हणाली. "थंडी वाजन."