विश्वासच्या वडिलांचं लग्न आणि तीन सॉफ्टवेअर

जुन्या निगेटिव्ह घरी स्कॅन करायला बसलं की फोटो कमी निघतात आणि किस्से जास्त, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं म्हणा. परभणीत माझ्या घरी दर रविवारी आम्ही तिघं शाळेपासूनचे दोस्त स्कॅनरभोवती बसतो. आता गल्लीतले लोक तब्येत विचारत नाहीत. “काय निघालं का?” एवढंच विचारतात.

तिघं म्हणजे मी, एसटीच्या ऑफिसातून रिटायर झालेला. दुसरा विश्वास, ताडकळसकडचा, गावच्या पाटलाचा पोरगा, घरची बक्कळ जमीन. तिसरा त्याच गावचा गौतम, जन्मभर पोरांना गणित शिकवलेला. निगेटिव्ह विश्वासच्या. त्याच्या वडिलांच्या लग्नाला परभणीहून फोटोग्राफर नेला होता, त्या निगेटिव्हचा पत्र्याचा डबा माळ्यावर सापडला.

डबा विश्वासचा, पण घाई गौतमला. तो अंगावर पीत होता तेव्हाच त्याची आई गेली. तिचा चेहरा त्याला माहीतच नाही, घरात एक फोटो नाही. त्याची थोरली बहीण, आमची सगळ्यांची अक्का, वर्षानुवर्षं एकच सांगत आलीय, “पाटलाच्या लग्नात माय फोटूत उभी होती. मी तिचा पदर धरून होते. तू बी होतास, पोटात.”

हे ऐकून विश्वास म्हणाला, “म्हणजे माझ्या बापाच्या लग्नाला तू माझ्या आधी हजर!”

*

पहिलं सॉफ्टवेअर स्कॅनरसोबत आलेलं. त्यात आधी सांगावं लागतं, काचेवर कागद ठेवलाय का फिल्म. विश्वासला सांगणं-विचारणं ठाऊक नाही. त्यानं सरळ बटण दाबलं. नवरी आली ती पांढऱ्या केसांची आणि काळ्या दातांची.

तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. स्क्रीनकडं बघून म्हणाली, “भाऊजी, तुमच्या आई लग्नातच एवढ्या थकल्या होत्या?”



*

मग विश्वासनं पुण्याच्या पुतण्याला फोन करून विकतचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फोटो एकदम झकास यायला लागले. पण ते ट्रायलवर होतं, त्यामुळं प्रत्येक फोटोवर कंपनीचं नाव आडवं छापून यायचं. मामाच्या फेट्यावर कंपनी, वऱ्हाडाच्या छातीवर कंपनी.

 विश्वास म्हणाला, “आमच्या घरच्या लग्नाला ह्यांना आवतन कुणी दिलं होतं?”

ते काढून टाकलं.

*

तिसरं सॉफ्टवेअर फुकटचं. फुकटचं म्हणून बटणं मात्र कमी नव्हती. गौतमनं त्याचं मॅन्युअल छापून आणलं आणि पेपर तपासल्यासारखं लाल पेनानं खुणा करत वाचलं. त्यात ‘धूळ आपोआप काढा’ असं एक बटण होतं. आम्ही ते चालू केलं. फोटो आरशासारखा स्वच्छ आला. आम्ही खूश.

त्याच रविवारी विश्वासची आत्या गंगाखेडहून आलेली. भावाचं लग्न बघायला तिला खुर्ची दिली. तिनं चष्मा पुसला, फोटो बघितला, परत चष्मा पुसला.

“अक्षता कुठं हाईत? मी सोता टाकल्या होत्या की.”

खरंच, एकही अक्षता नव्हती. हवेतला एक-एक दाणा सॉफ्टवेअरनं धूळ समजून पुसला होता. गौतमनं गंभीरपणे समजावलं, “आत्या, मशीनच्या हिशोबानं लग्न लागलंच नाही.”

आत्यानं विश्वासकडं बघितलं. “मग ह्यो कोण?”

*

एकदा माझ्या हातनं फिल्म पालथी पडली. जेवणाचा फोटो होता. मला काही कळलं नाही, गौतमलाही नाही. विश्वास म्हणाला, “सगळी पंगत डाव्या हातानं जेवायलीय. वाढणारं कुणी बोललं कसं न्हाई?”

*

असे रविवार जात होते आणि डबा संपत आला होता. गौतमच्या आईचा पत्ता नव्हता.

दिवाळीनंतर अक्का डोळे दाखवायला परभणीला आली. डॉक्टरांनी एका डोळ्याची आशा सोडायला सांगितली, दुसऱ्यानं दिसतंय तोवर दिसतंय म्हणाले. आईला ओळखणारं माणूस आता ती एकटीच. गौतम तिला दवाखान्यातून थेट माझ्याकडं घेऊन आला. मांडवातला मोठा ग्रुप फोटो आम्ही लावला. अक्का नाक टेकेपर्यंत जवळ गेली.

“फोटू ह्योच. पर ह्यात माय न्हाई.”

विश्वास हळूच म्हणाला, “अक्का, दुसऱ्या कुणाच्या लग्नातलं असंल.”

“डोळं चाललेत माझे, डोस्कं न्हाई.”

 गौतम मॅन्युअल घेऊन बसला. बऱ्याच वेळानं त्याला एक बारीकशी टिक सापडली. फोटोची कड कुठं संपते हे सॉफ्टवेअर आपल्या मनानं ठरवत होतं. मांडवाच्या एका बाजूला दाट सावली, तिथं फिल्म कोरी वाटते, म्हणून तेवढी पट्टी ते दर वेळी कापून टाकत होतं. आधीच्या दोन्ही सॉफ्टवेअरनंही तेच केलं होतं. त्यानं टिक काढली आणि निगेटिव्ह परत स्कॅनला लावली.

कडेची सावली आली. त्यात मांडवाच्या मेढीशी एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, पोट पुढं आलेलं, आणि पदराला धरून एक लहान पोरगी. मी सावली जराशी उजळली. चेहरा दिसायला लागला.

गौतम खुर्चीतून उठला आणि परत बसला. त्याचंच नाक, त्याचीच हनुवटी. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

“हीच,” अक्का म्हणाली. ती बघत राहिली. मग म्हणाली, “अशी कडंला कामून? मधी घे तिला.”

मी विश्वासकडं बघितलं आणि म्हणालो, “अक्का, तिला मधी घ्यायचं तर बाकीचं कापावं लागतं. नवरदेवच जाईल.”

“जाऊ दे,” अक्का म्हणाली. “त्याचे लय फोटू असतील.”

विश्वास पुढं सरकला, त्यानं माझ्या हातातून माऊस घेतला आणि बापाला वगळून गौतमच्या आईभोवती चौकट ओढली.