हळदीच्या दिवशी वाजलेली मान

माझा भाचा म्हणजे गुणांचा पुतळा. सुपारीसुद्धा खात नाही, असं माझी बहीण त्याचं लग्न जमवताना बाळकुम गावभर सांगत फिरलेली.

तर त्याची हळद. मावशी म्हणून पहिली हळद मी लावली. गाल झाले, मानेला हात लावला तर बोटांखाली करकर! कुरमुऱ्यांची पिशवी दाबावी तशी. मी ओरडले, आणि मग काय, अख्खा मांडव मान दाबायला रांगेत. एकीने दृष्ट काढली. दुसरी म्हणाली, "तेल चोळा, नाचून आखडली असेल." नवरदेव नाकातून बोलत होता, "मावशी, श्वास घेताना छातीत टोचतंय गं." तेव्हा कुठे आमच्या हुशार मंडळींना रिक्षा आठवली.

नौपाड्यातल्या दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "छातीतली हवा गळून मानेच्या कातडीखाली शिरलीय. जोरात उलट्या झाल्या का? अन्ननलिका फाटली असेल तर ऑपरेशन लागेल. की काही ओढून दम कोंडून धरलेलास? खरं सांग, पुढचं त्यावरच ठरणार."

"अहो, तो सुपारीसुद्धा खात नाही!" बहीण.

तेवढ्यात नवरी आणि तिचे वडील दारात. नवऱ्याची उष्टी हळद तिच्याकडे गेलीच नव्हती, म्हणून विचारत विचारत इथपर्यंत आलेले. सासरे दिसताच आमचा पुतळा खरोखरचा पुतळा झाला.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तो छताकडे बघत बसला. शेवटी नवरीच म्हणाली, "अरे, छाती कापून घेशील, पण बोलणार नाहीस?"

"काल मित्रांनी गांजा आणलेला," तो पुटपुटला. "धूर आत कोण जास्त वेळ धरतो, पैज होती."

"जिंकलास?" नवरीने विचारलं.

"हो."

"वा! बक्षीस मानेतच घेऊन आलास."

डॉक्टर म्हणाल्या, असं क्वचित होतं, पण पुढच्या तपासण्या ठीक आल्या तर आपोआप भरून येईल. तसंच झालं. ऑक्सिजन, आराम, आणि विमानात बसायला बंदी. हनिमूनची तिकिटं गेली. नवरीचे वडील लग्न मोडायला निघाले. ती म्हणाली, "आधी बरा होऊ दे. मग मी ठरवते."

तिने सावकाश, चांगले काही महिने घेऊन ठरवलं. पुन्हा मांडव, पुन्हा मी वाटी घेऊन पुढे. मानेला हात लावते न लावते तोच तिचा फोन.

"मावशी, वाजली का?"

मी नीट दाबून बघितली. "नाही गं."

"मग पाठवा हळद."